इराची एकच पाहुणी

शनिवार, १७ जुलै २०२१

बोट छान आहे. मीनल पण आहे.

इराच्या आणि माझ्या मित्राने, अजितने, सुट्टीसाठी भाड्याची बोट ठरवली तेव्हा चौथा त्याच्या ऑफिसातला मित्र होता. त्याला ऐनवेळी कोविड झाला आणि इराने परस्पर मीनलला बोलावलं. मला विचारलं नाही, कळवलं! ही विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावची, विमानतळावरच कार्गोत आहे. डच फाडफाड बोलते, वर पोळ्याही गोल लाटते. अशा माणसांचं काय करायचं?

मी आले आहे एकाच कामासाठी. हार्लेमचं घर. दोन खोल्या, खिडकीखाली कालवा, सप्टेंबरपासून मी आणि इरा. वर्षभर घोकतोय आम्ही दोघी. एजंटला गुरुवारपर्यंत कळवायचं आहे. मघाशी विषय काढला तर इरा म्हणाली, ‘बघू गं.’ चार वर्षांच्या मैत्रीत हे ‘बघू गं’ नवीन आहे.

रविवार, १८ जुलै

दिवसभर तळ्यात. ऊन, शिडांच्या बोटी, कॅप्टनची टोपी घालून अजित. इथे समोरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करायचा असतो म्हणे. अजितने सगळ्या फ्रीसलंड प्रांताला हात केला.

सुकाणू इराकडे होतं. केस तोंडावर यायला लागले तर मीनलने मागून येऊन बांधून दिले. विचारलंसुद्धा नाही. इरा कुणाला केसांना हात लावू देत नाही! मी एकदा लावला होता, तर झटकला होता.

जेवताना मीनल बोलून गेली — ‘तो बर्फ पडला होता ना, तेव्हा कर्फ्यूची वेळ झाली म्हणून मी इराकडेच राहिले. बटाटेवडे केले आम्ही.’ इरा एकदम लोणचं शोधायला लागली. लोणचं समोरच होतं.

म्हणजे फेब्रुवारी. तेव्हा कोविडच्या नियमाने घरी दिवसाला एकच पाहुणा चालायचा. इरा मला म्हणाली होती, ‘माझी पाहुणी तूच.’ मी दर शनिवारी मास्क लावून हार्लेमहून रॉटरडॅमला जायचे. संध्याकाळ झाली की ती जॅकेट हातात द्यायची — निघ गं, कर्फ्यू आहे. मला जॅकेट आणि मीनलला वडे!

दिवसाला एक म्हणजे आठवड्याला सात. माझ्यासारख्या पीएचडी केलेल्या बाईला एवढा हिशेब सुचू नये?

सोमवार, १९ जुलै

तळं संपलं, अरुंद कालवा लागला. पहिलं लॉक. कालव्यातली दोन दारांची खोलीच ती. बोट आत घ्यायची, दारं बंद, पाणी भरतं, आपण बोटीसकट वर. अजितने आधी व्याख्यान दिलं. भिंतीवरच्या खुंटाला दोराचा वेढा द्यायचा, टोक हातात धरायचं. पाणी चढलं की ओढायचं, उतरलं की सोडत जायचं. ‘गाठ मारायची नाही. काय वाट्टेल ते झालं तरी.’

पुढचा दोर मीनल, मागचा मी. इरा माझ्याजवळ उभी राहिली. म्हणाली, ‘वसू, मस्त जमतंय तुला.’ दिवस बरा गेला. इतकी स्वस्त आहे मी.

मंगळवार, २० जुलै

आषाढी. मीनलने घरून साबुदाणा आणला होता, काल रात्री भिजवला. एकादशी आणि दुप्पट खाशी — अजितने तीनदा वाढून घेतलं. खिचडी मोकळी झाली होती. चिकट झाली असती तर मला जास्त आवडली असती.

इराला घराचं पुन्हा विचारलं. ‘परत गेल्यावर नक्की बोलते.’ मीनलने मान खाली घातली. हिला माहीत आहे! माझ्या घराचं हिला माहीत आहे आणि मला नाही.

बुधवार, २१ जुलै

आज माझ्या हातून भलतंच झालं.

परतीच्या वाटेवर, त्याच लॉकमध्ये. अजित इंजिनापाशी, मी मागे दोर धरून. इरा पुढे मीनलपाशी गेली. दोघी हसायला लागल्या. हळू, एकमेकींत. मला ऐकायचं होतं, बस्स. हातातल्या दोराचं काय करू? बोटीच्या कडीला बांधला. चांगली करकचून गाठ मारली आणि पुढे गेले.

मी पोचताच इरा भिंतीवरचं शेवाळ बघायला लागली.

तेवढ्यात पाणी उतरायला लागलं. बोट उतरली, पण मागचा कोपरा उतरेना. दोर ताणून करकरायला लागला, सगळं तिरपं झालं, खाली भांडी कोसळली. इरा घसरून कठड्यावर आपटली, कोपर फुटलं. अजित ओरडतोय, ‘गाठ कुणी मारली?’ लॉकवाल्याने पाणी थांबवलं, पुन्हा थोडं भरलं, तेव्हा दोर सैल झाला. गाठ मीनलने सोडवली. मग लॉकवाला रागावून विचारायला आला, तर तिने सरळ त्याला डचमध्ये सांगितलं की चूक तिची.

मला तिचे उपकार नको होते. इराच्या कोपराला पट्टी पण तिनेच बांधली. मी डेटॉल धरून उभी. ‘दुखतंय का?’ असं मी विचारलं, आणि इराने उत्तर दिलं मीनलकडे बघत.

मला ती आवडत नाही. तिच्यात खोट सापडत नाही म्हणून तर मुळीच आवडत नाही. माझी मैत्रीण नेली तिने.

गुरुवार, २२ जुलै

बोट परत केली. धक्क्यावर इराने मला बाजूला घेतलं. ती आणि मीनल सप्टेंबरपासून एकत्र राहणार आहेत. मैत्रिणी म्हणून नाही. हिवाळ्यापासून असं आहे. ‘सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं, वसू. धीर झाला नाही. आपली मैत्री आहे तशीच राहील ना?’

राहील म्हणाले. दोघींना जवळ घेतलं. ट्रेनमधून एजंटला ‘घर नको’ म्हणून कळवलं.

मैत्रीण कुणी नेलेली नाही. आहे तशीच राहणार आहे, शनिवारी येते म्हणाली. मग मला रडू का आवरत नाही?

मला मैत्रीण नको होती. मला मीनलची जागा हवी होती.