तिसरा गिअरबॉक्स

९ जानेवारी
दुसरा गिअरबॉक्सही गेला. भोकरहून नांदेडला येताना. ट्रकला ओव्हरटेक करायला तिसरा गिअर टाकला, खालून कडकड आवाज आला आणि पुढं काहीच नाही. इंजिन बोंबलतंय, चाकांना पत्ता नाही. शेजारी ट्रक, समोरून एसटी. ट्रकवाल्यानं ब्रेक मारून जागा दिली म्हणून आज हे लिहितोय. सुरेखा आणि चिमी मागं बसलेल्या. सुरेखानं मागून आलेल्या बसला हात केला आणि लेकीला घेऊन निघून गेली. मी तीन तास बाभळीखाली.

१० जाने.
बायकोचा निकाल. जसाच्या तसा लिहून ठेवतो, नंतर वाद नको: "अहो, आता तिसरा बसवा. तोही मोडला तर हे राक्षस इंजिन काढायचं आणि गाडीचं मूळचं बसवायचं. तिसरा टिकतोय हे दिसेपर्यंत मी गाडीत पाय ठेवणार नाही."
हो म्हणालो. काय करणार. चूक माझी.
पण मूळचं इंजिन! चार वर्षं घातली या इंजिनात. जुनी लांब गाडी, मागच्या चाकांवर चालणारी, तिच्यात मोठं टर्बो डिझेल मी स्वतः बसवलं. दुकानात दिवसभर शेतीपंपाच्या जळलेल्या मोटारी तारेनं पुन्हा भरायच्या आणि उरलेला जीव हिच्यात. ते काढायचं म्हणजे… नको.

१३ जाने.
लातूरला खलीलभाईंच्या गॅरेजात. त्यांनी गिअरबॉक्स उघडून दाखवला. तिसऱ्या गिअरचे दाते तळाशी तेलात पडलेले, मक्याचे दाणे सोलल्यासारखे.
"शेठ, हा डबा मूळच्या इंजनासाठी बनला. तुम्ही त्याला पैलवानासंगं कुस्तीला लावून राहिले."
म्हणजे तोच पुन्हा नको. आता दोनच रस्ते. पुण्याचा एकजण परदेशी गाडीचा पाच गिअरचा मिळवून देतो म्हणतोय, वेगासाठीच बनलेला. पण थांबा म्हणे, दोन महिने, कदाचित जास्त. नाहीतर इथलाच एखादा दणकट, जीपचा.
दोन महिने गाडी ठोकळ्यांवर! माझ्यानं होणार नाही.

१९ जाने.
किल्लारी. बळीराम म्हणून एक ड्रायव्हर, प्रवासी जीप भंगारात काढतोय.
"बावीस शीट नेल्या हाव. टपावर चार निराळे. सोयाबीनचे कट्टे त्येच्यावर. एक दाता तुटला न्हाई आजवर."
बावीस! ऐकूनच जीव हरखला. आपल्याकडं गाडीची ताकद अशीच सांगतात, किती माणसं कोंबली ते. यापेक्षा मोठी परीक्षा कोणती? तिथंच सौदा.
गिअरच्या दांडीवरचा गोळा मात्र त्यानं काढून घेतला. "एवढा र्‍हाऊ द्या माझ्यापाशी." गुळगुळीत झालेला, त्याच्या हाताचा. मला उगाच अपराध्यासारखं झालं.

२१ जाने.
खलीलभाईंनी डबा बघितला, हसले. "शेठ, ताकद पाहिजे का पळ, आधी बोला."
म्हटलं दोन्ही.
"दोन्ही एका डब्यात न्हाई मिळत किल्लारीला."
मी ऐकलं नाही. बसवा म्हणालो.

४ फेब्रु.
इंजिन आणि डब्याच्या मधली प्लेट लेथवर करून घेतली. भोकं दोनदा चुकली. शाफ्ट लांब झाला, कापला, मग आखूड झाला. तीन चकरा लातूरच्या. दुकानात गिऱ्हाईकं शिव्या घालतायत, हंगाम चालू, मोटारी पडून.

९ फेब्रु.
बसला. चालवली. वाटोळं.
पहिला गिअर माणूस चालतो तेवढ्यात संपतो. दुसरा टाकेपर्यंत तिसरा मागतो. एकूण चारच. ऐंशीला इंजिन रडायला लागतं. एवढा टर्बो कशाला बसवला मी? ट्रॅक्टरनं हॉर्न मारला मला. ट्रॅक्टरनं!
बळीरामचा काय दोष? त्यानं खरंच सांगितलं, ओझ्याचं सांगितलं. पळायचं मी विचारलंच नाही. जन्मभर मोटारींच्या तारेचे फेरे मोजणारा मी, वेग ज्यावर ठरतो ते गिअरचे दाते मोजले नाहीत. माणसं मोजली. लाज वाटते.

१० फेब्रु.
सुरेखा: "मोडला का?"
"नाही."
"मग तोंड का असं?"
काय सांगू. हा मोडणारच नाही. माझ्यानंतर पण राहील हा.

२३ फेब्रु.
आज सुरेखा गाडीत बसली, आपण होऊन. उदगीरला, तिच्या माहेरी. मी सगळा रस्ता दात खात, सत्तरवर. कंधारच्या पुढं बघतो तर बाई झोपलेली, तोंड उघडं टाकून. हे इंजिन बसवल्यापासून ती या गाडीत कधी झोपली नव्हती. कायम वरची कडी धरून बसायची. मला वाटायचं सवय आहे तिची.
मेव्हण्याला म्हणाली, "आता झाली बघ चांगली गाडी." मला राग आला.

९ मार्च
पुण्याचा फोन. डबा आला, दाते माझ्या हिशेबाचे. उद्यापर्यंत हो-नाही सांगा, दुसरं गिऱ्हाईक बसून आहे.
दिवसभर मनात वकिली. ठरलं होतं ते डबा मोडला तर काय, एवढंच. हा मोडलेला नाही. बदलायचा नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणजे शब्द शाबूत.
खलीलभाईंना विचारलं. "घरात विचारा. माझा इचार डब्यापुरता."

१० मार्च
सकाळी चहा घेतानाच ठरवलं, सुरेखाला पुण्याच्या डब्याचं सांगून टाकायचं. तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, मला शिकवा की ही गाडी. पहिल्यात कशी हळू निघते, बंद पडायची भीती नाही."
शाळेच्या मैदानावर नेली. क्लच झटकन सोडला, तरी बंद पडली नाही. कशी पडेल, बावीस माणसं ओढलीत या डब्यानं. तिनं दोन फेऱ्या मारल्या. चिमी पळत मागं, टाळ्या वाजवत. तिसऱ्या फेरीला सुरेखानं खिडकीतून हात बाहेर काढून मला बाजूला व्हायला सांगितलं.
खिशात फोन वाजत होता. पुण्याचाच. दोनदा वाजून थांबला.