दस्त्यावरची काजळाची रेघ

देवास, भाद्रपद वद्य तृतीया, शके १८३०

आज खोटे बोललो. तेही बंदुकीबद्दल, जिच्यावर माझे पोट.

नवशिक्या मुलांना नेम शिकवायला दरबाराने बावीस बोअरच्या दोन रायफली पारखायला मागवल्या होत्या, एक जड, एक हलकी. आषाढात दोन्ही घरी आणल्या, कारण आमची अंबू त्याच मुलांच्या वयाची, अकराची. जड तिला पेलेना. हलकीचा दस्ता बरोबर खांद्यात बसला, बोट चापावर नीट पोचले. दस्त्याला गाल टेकून म्हणाली, "बाबा, हीच घ्या." काजळाची बारीक रेघ तिथे उमटली. श्रावणात अंबू तापाने गेली.

आज कारभाऱ्यांनी विचारले, कोणती ठेवायची? तोंडातून निघून गेले, "जड. हलकीची नेम धरायची माशी हलते." कुठली हलते! नळीवर घट्ट बसली आहे. पण तो दस्ता रोज दुसऱ्या कुणाच्या गालाला... नसते बघवले मला. म्हणून त्या लेकरांचे हात भरून येऊ द्यायचे? कसला मास्तर मी?

शिलेखान्यात हत्यारे सांभाळणारा रामाजी हळूच म्हणाला, "भिया, हलकी तो घणी आछी थी." खूप चांगली होती, हे मला का ठाऊक नव्हते! परत पाठवण्याआधी तो बंदूक पुसायला लागला, तर त्याच्या हातातले फडके हिसकावले. रेघ तशीच ठेवून पेटी बंद केली. दुपारी टांग्यातून ती इंदूरच्या दुकानदाराकडे परत गेली.

टांगा वळणाआड गेल्यावर सुचले. ठेवून घेतली असती, तर ती रेघ तरी इथे राहिली असती.