धाकट्याचं अर्धं

११ जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

नऊ वर्षं पत्र नाही, त्याची आधी माफी मागते. दोनदा फोन केला. माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिलात. ठेवणारच. आपल्या घरातल्या दोन जादूगार भावांच्या भांडणावर मी विनोदी सिनेमा लिहिला आणि तुम्हाला विचारलं नाही. बाबांनाही विचारलं नव्हतं, पण ते रोज समोर होते, म्हणून विचारल्यासारखं धरलं. हे चुकलं असं आता म्हणणं सोपं आहे. सिनेमा पडला असता तर म्हटलं असतं का, सांगता येत नाही.

बाबा दीड वर्षापासून शुश्रूषागृहात आहेत. मला ते कधी आई समजतात, कधी तिकीटखिडकीवरची बाई. हात मात्र शाबूत आहेत. रोज दुपारी कुणाचं तरी घड्याळ मागून घेतात, रुमालाखाली धरतात आणि गायब करतात. मग डावीकडे मान वळवतात, हात पुढे करतात आणि थांबतात. तिथे तुम्ही असायला हवे असता.

तुमच्या तालमी मी लहानपणी दाराच्या फटीतून बघायची. घालवणं बाबांचं, परत आणणं तुमचं. एकमेकांचं अर्धं बघायचं नाही हा करार. तुमची पाळी आली की बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, त्यांची आली की तुम्ही. वेगळे झालात तेव्हा बाबांच्या खेळात वस्तू नुसत्या जात राहिल्या आणि समोरच्या थिएटरात तुमच्याकडे नुसत्या येत राहिल्या. सिनेमात मी त्यावर अर्धा तास हशा काढला आहे. बाबाही तो बघून हसतात.

सिस्टर उशीच्या अभ्र्यातून घड्याळ काढून त्यांना देतात. ते बाजूला ठेवतात. त्यांना घड्याळ नको असतं. तासभर तसेच उभे राहतात. पाय थरथरायला लागले की रडतात आणि धाकटा अजून का आला नाही, म्हणून विचारतात. डॉक्टर म्हणतात की हृदयाचा आता भरवसा नाही. एकदा याल? एकदाच त्यांच्या डावीकडे उभे राहाल?

राग असेल तो असू द्या. त्याच्या शेजारी थोडा लोभही राहू द्या.

तुमची पुतणी


२४ जानेवारी

चि. शंकेखोर हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहितेस की कबुलीजबाब? प्रत्येक वाक्यामागे एक दुरुस्ती. लहानपणीसुद्धा गोळी तोंडात टाकून झाल्यावर खाऊ का म्हणून विचारायचीस.

सिनेमा पाहिला मी. तिकीट काढून, मागच्या रांगेत, टोपी घालून. बाई कापायच्या पेटीची वाटणी होते आणि एका थिएटरात नुसतं डोकं हसतंय, दुसऱ्यात नुसते पाय नाचताहेत, तिथे इतका हसलो की शेजारच्या माणसाने पाणी दिलं. खरं भांडण याहून बावळटपणाचं होतं: पाटीवर कुणाचं नाव वर. बस, तेवढंच. आणि माझं काम करणारा तुझा तो देखणा नट रुमाल डाव्या हातात धरतो. मी जन्मात धरला नाही.

एक तुझ्यापाशीच ठेव. वेगळे झाल्यावर मी वर्षभर धास्तीत होतो की दादा माझं अर्धं शिकून घेईल आणि सगळा खेळ एकटाच करेल. हुशार माणूस, सहज जमलं असतं त्याला. त्या भीतीपोटी मी त्याचं अर्धं शिकायला बसलो. जमलं नाही. न जमल्याचं वाईट वाटलं, हे जास्त लाजिरवाणं.

येत्या गुरुवारी येतो. त्या दिवशी तुझं चित्रीकरण आहे असं सिस्टर फोनवर म्हणाल्या, ते बरंच झालं. तू दारात उभी राहून स्वतःला दोष देत बसलीस तर माझे हात अडखळतील. दादाला आधी काही सांगू नकोस.

आशीर्वाद एकदा दिले ते दिले, त्यांचा हिशोब ठेवू नकोस.

काका


३१ जानेवारी

चि. शंकेखोर हिस,
आशीर्वाद.

जाऊन आलो. सिस्टरने तुला काय सांगितलं कोण जाणे, म्हणून मीच लिहितो.

दादा खुर्चीत होता. मी दारातूनच हाक मारली. त्याने मला बसायला सांगितलं, अहो-जाहो केलं, आपला भाऊ येणार आहे तोवर थांबा म्हणाला. मी म्हटलं, तो मीच. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, नवशिक्यांना पाहायचा तसं. म्हणाला की भावाचे केस दाट आहेत, हनुवटीला खळी आहे. तुम्हाला चाल बरी जमली आहे, पण या भूमिकेला तुमचं वय फार झालं. अगदी प्रेमाने सांगितलं गं. मला हसू आलं. मग ती खळी कुणाची ते लक्षात आलं.

तरी वाटलं, हात ओळखेल. त्याने सिस्टरचं घड्याळ घेतलं आणि घालवलं. अजून काय घालवतो! दोन पावलांवर उभा होतो, काही कळलं नाही. मग मान डावीकडे, हात पुढे. मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि आणलं. गाठ मारलेल्या रुमालातून, उजव्या हाताने, जन्मभर आणलं तसंच.

तो घड्याळाकडे बघत राहिला. मग माझी मनगटं धरली आणि ओरडला की हे माझ्या धाकट्याचं अर्धं आहे, कुठून चोरलंस. घंटा दाबून धरली. सिस्टरने मला बाहेर नेलं. बिचारी माझीच माफी मागत होती. जिना उतरेपर्यंत तो मला चोर म्हणत होता.

तीस वर्षं मला वाटायचं, माझ्या अर्ध्याची राखण मी एकटाच करतोय.

आता ऐक. त्याला हवा असलेला धाकटा मी नाही. त्या नटाला माझ्याकडे पाठव. हे एक आणणं मी त्याला पंधरा दिवसांत शिकवतो. आजवर कुणाला शिकवलं नाही, तेव्हा चिडेन, हे त्याच्या कानावर घाल. मी त्या खोलीत पुन्हा येणार नाही. माझा त्याला त्रास होतो.

उत्तर लवकर दे. शंका कमी काढ.

काका


६ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार.

तीन दिवस लिहिते आहे आणि फाडते आहे. तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. आठ महिने बाबांच्या खोलीत तो सिनेमा रोज लागत होता. मीच लावायला सांगितला होता, त्यांचं रडणं थांबावं म्हणून. पहिल्याच दिवशी ते हसले आणि पडद्यावरच्या धाकट्याकडे बोट दाखवून सिस्टरना म्हणाले की हा माझा भाऊ. मला इतकं गोड वाटलं की घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. त्यांना बरं वाटावं म्हणून लावत होते, हे खरं. माझ्या वाक्यांना बाबा हसताना बघायला मला आवडत होतं, हेही खरं. त्यातलं जास्त खरं काय, ते ठरवता येत नाही. दोनशेहून जास्त वेळा मी तुम्हाला थोडं थोडं पुसलं आणि ते होत असताना आम्ही दोघं हसत होतो.

तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून सिनेमा बंद केला. फरक पडला नाही. खळी त्यांच्या डोळ्यांसमोर आहेच. आता ते घड्याळही मागत नाहीत. चोर येऊन गेला म्हणतात आणि रुमाल पांघरुणाखाली दाबून बसतात. धाकटा आल्याशिवाय काढणार नाहीत.

नट आला, तुमच्याकडून शिकला, बाबांच्या डावीकडे उभा राहिला, तर तो क्षण खोटाच असेल, आणि खऱ्या भावाला चोर ठरवून मिळालेला असेल. दुसऱ्या दिवशी बाबा तोही विसरतील. नट रोज येणार नाही. डॉक्टर आता महिन्यांची भाषा करत नाहीत, त्यामुळे तुमचे पंधरा दिवस तरी मिळतील का, शंकाच आहे. एवढं सगळं मांडल्यावर नाही म्हणावं, हेच योग्य दिसतं. पण नाही म्हटलं तर माझा हात स्वच्छ राहील, एवढंच. बाबा वाट बघतच जातील.

खोलीत येणार नाही म्हणालात, त्यावर मी वाद घालत नाही. खोलीबाहेर एक बाक आहे. नट येईल त्या दिवशी तिथे माझ्याजवळ बसा.

तुमच्या लोभावर माझा हक्क उरलेला नाही. तरी मागते आहे.

तुमची पुतणी

उद्याचं काम इथेच लिहिते, म्हणजे टाळता येणार नाही : नटाला फोन करून तुमचा पत्ता देणे.