डम्पावरची धायटी

माय, धायटी सापडली. काल दुपारी सापडली आणि मी अजून ताळ्यावर आलेली नाही.

नाकाडोंगरीच्या अलीकडचा तो उतार, जिथं जंगल संपून खडक लागायचा. गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तू खाणीवर मँगनीजचे दगड निवडायला जायचीस आणि सुट्टीच्या दिवशी मला तिथं न्यायचीस. फाल्गुनात सगळं रान वाळलेलं, पण माझ्या उंचीची धायटीची झुडपं फांदीभर लाल. नळीसारखी बारकी फुलं. 'जीभ काढ,' म्हणायचीस आणि फूल झटकून त्यातला गोड थेंब जिभेवर पाडायचीस. एकदा मी रोपटं उपटून अंगणात लावलं, ते सुकलं म्हणून रडत बसले. तू रागावलीस. 'उपटलं काहून? तिले दगडच लागते. आपल्या धानाच्या मातीत तिचं मन लागत नाही.'

मग तू गेलीस. धाकटी तेव्हा पाळण्यात होती. पुढं खाण वाढली, तो उतारही खणला गेला. मी धाकटीला हे सारं इतक्यांदा सांगितलं की ती हसायची. 'ताई, तू मनानंच बनवून राहिली.' तिच्याजवळ तुझं काहीच नाही, माय. ना आवाज, ना चेहरा. ते मला लागायचं.

काल तिच्या गाडीवर मागं बसून मी तुमसरला चालले होते. खाणीतला दगडमुरूम टाकून टाकून झालेल्या त्या जुन्या डम्पाजवळ मी तिच्या खांद्यावर थाप मारली. 'थांबव. थांबव म्हणते ना.' जिथं गवतही धड उगवत नाही, त्या ढिगावर खालपासून वरपर्यंत धायटी फुललेली. मी पदर खोचून चढते आहे, पायाखालचे दगड घसरताहेत, धाकटी खालून म्हणते आहे, 'पडशील ना, ताई,' आणि मग तीही चढते आहे. वर पोचल्यावर मी म्हटलं, 'जीभ काढ.' एवढी नोकरी करणारी बाई, तिनं मुकाट्यानं जीभ काढली.

दुसरं फूल तिनं स्वतःच तोडून जिभेवर झटकलं. मग विचारलं, 'माय मलेही नेत होती काय, त्या उतारावर?'

तू तिला कधीच नेलं नव्हतंस. उन्हात तान्हं लेकरू नको म्हणून शेजारी ठेवून यायचीस. मी म्हटलं, 'हो तं. पाठीवर बांधून.'

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. पण तिच्या स्वप्नात कधी आलीस, तर तूही तसंच सांग.