दोन पूर्णांक दोन छेद नऊ

३ नोव्हेंबर, सोमवार

१. चकतीला अठरा खाचा पाडायच्या होत्या. चकती मोजक्या अंशांत फिरवणाऱ्या डिव्हायडिंग हेडच्या दांड्याचे चाळीस फेरे म्हणजे चकतीचा एक, म्हणून दर खाचेनंतर दांडा ४० भागिले १८ इतके फेरे फिरवायचा.
२. माझ्या एक्सेल शीटमधला रकाना एकाच दशांश स्थळाला लावलेला. २.२२२२… च्या जागी २.२ छापलं गेलं. मी सही केली.
३. मिलिंगवरच्या शिंदेकाकांना दशांश चालत नाही. दांड्यामागच्या तबकडीवरची भोकं मोजून फेऱ्याचा भाग घ्यायचा, तर अपूर्णांकच लागतो. २.२ म्हणजे २२/१०, म्हणजे २ पूर्णांक १/५. पंधरा भोकांच्या वर्तुळात तीन भोकं.
४. त्यांनी सुरू करण्याआधी विचारलं, "ताई, खाचा अठरा ना? मग दोन पूर्णांक दोन छेद नऊ यायला पाहिजे. अठराच्या वर्तुळात चार भोकं."
५. शेजारी सुपरवायझर चौहान सर उभे. मी हिंदीत म्हणाले, "शीट पे जो है, वही कीजिए."
६. सहा चकत्या एकत्र बांधलेल्या. सहाही भंगारात. शेवटचं अंतर वीस अंशांऐवजी २३.४.

४ नोव्हें.

चौ. सर सगळ्यांसमोर: "क्या शिंदे जी, तीस साल में गिनना नहीं आया?" दोघंतिघं हसले. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या व्हर्नियरच्या मापाकडे.

जेवणाच्या सुट्टीत शीट दुरुस्त केली. २ २/९. कालची तारीख, सही, फाईलला लावली. चार मिनिटं लागली.

हे लिहायला जास्त लागली.

६ नोव्हें.

शिंदेकाकांना पॅकिंगला टाकलं. काँट्रॅक्टवाल्यांची पुढच्या वर्षाची यादी शनिवारी १५ ला जाणार. "उनका देखते हैं," चौ. सर म्हणाले. याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

घरी आई: "अगं, तुझे ते साताऱ्याचे शिंदेकाका. एकटे राहतात ना तिकडे फॅक्टरीजवळ, फरिदाबादला? रविवारी जेवायला बोलव की. तिथून दिल्लीत आपलं आर. के. पुरम काही लांब नाही."
"बिझी आहेत ते."
"मग पुढच्या रविवारी."
मी ताट उचलून आत गेले.

९ नोव्हें., रवि.

वहीत पुन्हा करून बघितलं. ४०/१८, दोनाने भाग, २०/९. छेदात नऊ उरला म्हणजे दशांश संपणार नाही. हे शाळेत शिकवतात. २.२ असा नीट संपलेला आकडा बघूनच मला थांबायला हवं होतं. काका नुसतं 'अठरा' वाचून थांबले.

रकान्याची चूक मान्य करणं सोपं आहे. मुद्दा ५ आणि नंतरची चार मिनिटं, त्यांचं काय करायचं ते…

११ नोव्हें.

पॅकिंगला गेले. काका खोक्यांना पट्ट्या मारत होते.

"काका, ती पहिली शीट…"
"आहे की. डब्याच्या पिशवीत. तेलाचा डाग पडलाय जरा."
"मग दाखवली का नाहीत?"
"दाखवून काय? फाईलला तुमची नवी लागलेली. चौहान दोन्ही शेजारी ठेवणार. चूक केली तर माणूस ओरडा खातो, ताई. कागद बदलला तर घरी जातो."

त्यांनी आणखी एक पट्टी ओढली.

"एक सांगू? त्या दिवशी नाही म्हणायचं तर म्हणायचं. पण मराठीत म्हणायचं होतंत."

शीट त्यांच्याकडे मागितली नाही. माझ्या चुकीचा पुरावा त्यांनी का द्यावा.

१२ नोव्हें., बुध.

आईबाबांना अजून सांगितलेलं नाही. मेल सकाळी ९:४० ला चौ. सरांना, प्रत प्लांट हेडना. इथे मराठीत उतरवून ठेवते:

"सहा चकत्या माझ्या चुकीच्या शीटमुळे वाया गेल्या. शिंदे यांनी काम सुरू करण्याआधी बरोबर अपूर्णांक सांगितला होता. मी तो नाकारला. फाईलमधली शीट मी ४ तारखेला बदलली आणि तिच्यावर ३ तारीख घातली. या तिन्ही गोष्टींना मी एकटी जबाबदार आहे. शिंदे यांना मिलिंगवर परत घ्यावं आणि यादीत त्यांचं नाव ठेवावं. माझ्याबाबत जो निर्णय होईल तो वेगळा कळवावा. यादी शनिवारी जाते, म्हणून शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर द्यावं."