पावलाएवढं घावन

शिरवणे,
शुक्रवार, १३ मार्च

माज्या थोरल्या राहीबायला,

धाकट्या पुतळेचा पाया पडून नमस्कार. आमी इकडं बरी हाव. तुजा गुडगा कसा हाय? जासईच्या रस्त्यावर त्या कंटेनरच्या गाड्या धूळ उडवतात, बाहेर पडताना तोंडाला पदर लाव.

पत्र बघून दचकू नको, कोन मेलं नाय. फोनवर तुला काय सांगायचं म्हनजे पयलं अख्ख्या आळीनं ऐकायचं, आनि मंग तू म्हननार, "आँ?" तुज्या कानानं आमच्या घरात गुपित म्हनून काय ठेवलं नाय. ही गोष्ट आळीला कळून चालनार नाय, म्हनून लिवते. वाचलीस की फाड आनि पानी तापवायच्या चुलीत घाल.

केतन बंगलोरला खुशाल हाय. त्याची पोरं व्हिडिओत "हाय आजी" म्हनतात आनि पळतात. कैऱ्या महाग हायत. तुजे गोटीराम मेव्हने दिवसभर ओट्यावर बसून येनाऱ्या-जानाऱ्याला विचारतात, "कुटं चाललास?" बाकी काय नाय.

बाकी नाय कसं? यशू हाय.

यशू म्हनजे आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूंची पोर. वर्साची व्हायची हाय अजून. आई शर्मिला नर्सिंगच्या शेवटच्या वर्साला, बाप धम्मपाल वकिलीच्या. दोघांनी नोकऱ्या सोडून कॉलेज धरलंय. शनिवार-रविवार धम्मपाल न्हावा शेवाला कंटेनरच्या नोंदी करतो, त्यातनं माजे पैसे निघतात. सकाळी पोर माज्या हातात, संध्याकाळी त्यांच्या.

तू तेव्हा म्हनालीस, "पुतळे, खोल्यांचं भाडं येतंय ना, मंग दुसऱ्याचं पोर पैसे घेऊन कशाला सांभाळतेस?" तेव्हा मी म्हनाले, वेळ जातो. खोटं बोलले. फुकट ठेवलं असतं तर आज आनलं, उद्या नाय आनलं. पैसे घेतले की पोर रोज येनार. म्हन मला लबाड.

पन त्या पैशाचीच मला चीड येते. एक तारखेला धम्मपाल दोन्ही हातांनी पाकीट देतो, "मोजून घ्या मावशी." एवढा गुनाचा पोरगा, पन त्या दिवशी वाटतं, याला सांगावं, तुजं पाकीट घाल खाडीत.

आनि संध्याकाळ! दिवसभर मी तिला न्हाऊ घालते, मऊ भात भरवते, पायावर घेऊन झोपवते. माजी पाठ मोडते. आनि आई दारात दिसली की मी कोन? माज्या खांद्यावरनं अशी झेप घेते, जशी काय मी तिला पळवून आनली होती. मागं वळून बघत पन नाय गो. ते सोड, हात हलवून "टाटा" पन करत नाय. शर्मिला हसते, "बघा ना मावशी, किती लबाड!" मी पन हसते. आत आग लागलेली असते. मनात म्हनते, आयत्या बिळावर नागोबा! मंग माजी मलाच लाज वाटते. जिनं नऊ महिने पोटात वागवली ती नागोबा, तर मंग मी कोन?

जळते मी, बाय. या वयात, दाढा पडल्या तरी जळते.

आता मुद्द्याची गोष्ट. बुधवारी यशू चालली.

मी ओट्यावर सुकट निवडत होते. ती खुर्चीचा पाय धरून उभी होती. तिनं खुर्ची सोडली आनि चालत सरळ माज्या मांडीत आली. हे घोरत होते. म्हनजे बघनारी मी एकटी. मी तिला उचलली आनि रडले.

आनि ठरवलं, कोनाला सांगनार नाय. जूनात दोघांची परीक्षा संपते. शर्मिलाला तिच्या गावाकडं, चिपळूनला नोकरी बघून ठेवलेली हाय. पोर जानार. तिचं हसनं, बोलनं, शाळा, लगीन, सगळं आईचं. मंग एवढं एक माजं राहू दे की. तिच्याकडं काय कमी हाय?

पन आपल्या आयची रीत तुला म्हाईत हाय. पोर चाललं की गुळाची घावनं करायची, पोराच्या पावलाएवढी. आनि पयलं घावन पोराच्या आईनं खायचं, नायतर पोर जन्मभर ठेचाळतं. रीत मोडायची छाती नाय जाली. पोराचा पाय हाय तो, माज्या जळन्यापायी त्याला ठेच कशाला? त्याच दुपारी दार लावून घावनं केली. पयलं डब्यात घातलं आनि शर्मिलाला दिलं, "सहज केलंय, खा." ती बिचारी दिवसभराची भुकेली, जिन्यातच उभ्या उभ्या खाल्लं. "किती छोटंसं!" म्हनाली. मी रिकामा डबा घेऊन खाली आले.

बरोबर केलं का गो? तू नायच म्हनशील.

सोमवार, १६ मार्च

बरं जालं पत्राचं पाकीट चिकटवलं नव्हतं.

काल सकाळी वर किंचाळी फुटली. मला वाटलं पोर पडलं. धावले, तर शर्मिला जिन्यातनं खाली, केस मोकळे, "मावशी! चालली! आपली यशू चालली!" मी असं तोंड केलं, "अगो बाय! खरंच?" नाटकात घेतील मला.

आनि तिथंच माती खाल्ली. सवयीनं तोंडातनं निघून गेलं, "मंग गुळाची घावनं कर गो पोरी. पावलाएवढी कर. पयलं आईनं खायचं असतं."

ती हसता हसता थांबली. माज्याकडं बघत राहिली. मी पदरानं उगाच जिन्याचा कठडा पुसायला लागले. ती तशीच वर गेली. मी काल जेवले नाय. ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, पित्त जालंय. मनात एकच, आता ही पोर माज्याकडं ठेवनार नाय. जून कसला, उद्याच पाळनाघरात घालनार. आनि चूक तिची नसनार.

आज सकाळी ती खाली आली. एका कडेवर यशू, दुसऱ्या हातात ताटली. ताटलीत घावनं. बाय, काय सांगू, कडा जळलेल्या, मधी कच्ची, एक पन गोल नाय. तिनं त्यातलं एक माज्या हातावर ठेवलं.

"पयलं तू खा ना गो," मी म्हनाले.

"माझं मी बुधवारीच खाल्लं, मावशी," ती म्हनाली. "हे तुमचं."

ती रागावली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ती रागावली नाय. दप्तर खाली ठेवून ओट्यावर बसली. कॉलेजची वेळ टळत होती. म्हनाली, "मी खूप जळते हो तुमच्यावर. तिकडे वॉर्डात दुसऱ्यांची बाळं पुसते आणि वाटतं, माझी आता मावशींच्या मांडीवर असेल. झोपेतसुद्धा तुमची अंगाई गुणगुणते ती." मंग डोळे पुसून म्हनाली, "सांगा ना, कशी चालली? मी नव्हते ना."

राहीबाय, आता तुला पन खरं सांगते. वर खोटं लिवलंय. ती माज्या मांडीत नाय आली. मांजरीनं सुकट पळवली, तिच्या मागं चालली. माज्या बाजूनं गेली, माज्याकडं बघितलं पन नाय. ते शर्मिलाला सांगितलं. ती एवढी हसली की यशू घाबरली. म्हनाली, "काल घरी मोबाइलच्या चार्जरकडे चालली, मावशी. मी समोर हात पसरून बसले होते."

मंग आमी दोघींनी ती कच्ची घावनं खाल्ली. ह्यांनी पन एक मागितलं, दिलं नाय.

ती गेली. संध्याकाळी आली तेव्हा पोरीनं परत तशीच झेप घेतली. आग लागायची ती लागलीच, खोटं कशाला बोलू? पन जिन्यात शर्मिला थांबली आनि पोरीचं तोंड माज्याकडं वळवून म्हनाली, "यशू, मावशीला टाटा कर." नाय केलं मेलीनं.

वर लिवलंय, पत्र फाड. नको फाडू. पेटीत ठेव. जूनात पोर गेली की मी जासईला येईन, तेव्हा मला हे वाचून दाखव. तुज्या त्या मोठ्या आवाजात वाच, अख्ख्या आळीनं ऐकलं तरी चालंल.

तुजी, घावन खाल्लेली धाकटी,
पुतळा