झोपलेल्यांना कळवायची ओळ

प्रिय मास्तर,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसते आणि नेमकं कोणीतरी पँट आखूड करून मागायला येतं, असं कारण मी स्वतःलाच देत आलेय. तू एकच प्रश्न विचारला आहेस, आता तरी परत येतेस का? आणि मी त्या प्रश्नाला वळसे घालत बसणार हे तू ओळखलंच असशील. माझं नाव धांदल ठेवलंस तूच. एरवी सगळ्यात घाई, आणि मुद्द्यावर यायचं म्हटलं की पाय जड होतात.

आधी तुझी बातमी. घड्याळात अधूनमधून घालावा लागणारा तो जास्तीचा सेकंद आता बंदच करायचा ठरलाय, आणि तोवर त्याचा कोड सांभाळायला आपण दोघं एकत्र असायला हवं, असं तू लिहितोस. माझी खुर्ची अजून रिकामी ठेवलीयस, तिच्या पाठीवर माझी शालही तशीच आहे म्हणे. वाचून रडूच आलं मला. ती शाल कोणाला तरी देऊन टाक रे. त्या खोलीत सगळेच कुडकुडतात.

हे पत्र मी बाबांच्या कापड बेतायच्या टेबलावर लिहितेय. दुकान आता मीच बघते. बाबा डावखुरे होते, त्यामुळे त्यांची कात्री माझ्या हातात काही बसेना, शेवटी मी माझी वेगळी घेतली. तू हसशील, पण मला हे काम आवडायला लागलंय. संध्याकाळी माणूस पँट घालून आरशासमोर उभा राहतो, खूश होतो आणि जातो.

आपलं काम बाबांना समजावताना माझी काय तारांबळ उडाली होती, आठवतं? ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, वेळ सांभाळणारा कोड लिहिते म्हटल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना सांगून टाकलं, पोरगी लष्करात बड्या साहेबाच्या हाताखाली आहे. मग मी त्यांना पृथ्वीपासून सुरुवात करून सांगितलं, की ती फिरताना जरा रेंगाळते, म्हणून अधूनमधून एखाद्या दिवसाला एक सेकंद जास्त द्यावा लागतो. शिंपीच ते. म्हणाले, म्हणजे दिवस तोकडा पडला की तुम्ही शिवणीत राखलेली माया उसवून तो सैल करता. तू ते वाक्य कोडमध्ये शेरा म्हणून घातलंस, शिंपीबाबांच्या नावासकट. पुढे आठवडाभर गिऱ्हाइकांना त्यांनी दुसरं काही ऐकवलं नाही.

ती सकाळही मला सारखी आठवते. आपल्याकडे तो सेकंद पहाटेच्या चहाच्या वेळी आला. हातात कप घेऊन आपण पडद्यासमोर उभे होतो. घड्याळ एक सेकंद मागे आलं, तोच सेकंद त्याने पुन्हा मोजला, आणि आपण पोरांसारख्या टाळ्या पिटल्या. कप खाली ठेवतो न ठेवतो तोच सगळ्या यंत्रांचे पंखे घोंघावायला लागले. काम काहीच नव्हतं, तरी यंत्रं तापत होती. तू खुर्चीत बसलास आणि लगेच म्हणालास, अगं, आपण गजरांना सांगितलंच नाही.

मुख्य घड्याळ आपण मागे घेतलं होतं, पण गजर सांभाळणाऱ्या भागाची स्वतःची नोंद असते, ती एक सेकंद पुढेच राहिली. क्षणभर झोपलेला प्रोग्रॅम ताबडतोब उठवला जायचा, घड्याळात बघायचा, वेळ झालेली नसायची, पुन्हा झोपायचा, पुन्हा उठवला जायचा. गजरांना कळवायची ओळ आधी तिथे होती. आपणच ती काढली होती. वेळ बदलताना घड्याळाला कुलूप लावतो, आणि कुलूप लावलेलं असतानाच गजरांना हाका मारल्या की ज्याला हाक मारली तो वेळ बघायला येऊन कुलपाशी अडतो, त्याच्यासाठी आपण अडतो, आणि सगळं ठप्प होतं. म्हणून म्हटलं, नंतर बाहेर कुठेतरी सांगू. ते नंतर राहूनच गेलं. पुढे तू ते नीट केलंस, आधी कुलूप सोडायचं आणि लगेच सगळ्यांना कळवायचं. पण त्या सकाळपुरता तोडगा फारच साधा निघाला. प्रत्येक यंत्राला आपण त्याच्याच घड्याळातली वेळ पुन्हा हाताने सांगितली. त्याला माहीत असलेलीच वेळ, पण सांगितल्याबरोबर पंखे शांत झाले.

बाबांना झटका आला आणि मी निघाले, तेव्हा दारात तुला म्हणाले होते, ते हिंडूफिरू लागले की येते. तू त्या शब्दावर निर्धास्त राहिलास. प्रत्येक पत्रात तू विचारतोस, येतेस का? मी दुकानातल्या गमती लिहून पाठवते. तू थोडे दिवस थांबतोस आणि पुढच्या पत्रात पुन्हा विचारतोस. शेवटी दर वेळी लिहितोस, बाबांना नमस्कार सांग.

मास्तर, बाबा गेले. मागच्या हिवाळ्यातच. दुपारी काज करता करता टेबलावर डोकं टेकलं आणि उठलेच नाहीत. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू म्हणाला असतास, आता ये. आणि त्याला माझ्याकडे ‘नाही’ हेच उत्तर होतं. तू मला आवडतोस, अजूनही कोणाची बाजू घ्यायची झाली तर तुझीच घेईन. पण तुझ्याबरोबर संसार करायची ओढ राहिली नाही. ती कधी गेली ते मलाही कळलं नाही, आणि शोक सरला की सांगू, दुकान मार्गी लागलं की सांगू, असं करत मी तुला ताटकळत ठेवलं. याचं मला फार वाईट वाटतं. तुला हे एव्हाना कळलंच असेल, एवढा हुशार तू. तरी मी सांगायला हवं. मी येणार नाही. त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला तरी बसव, आणि त्याला ती ओळ नीट समजावून दे. शिंपीबाबांचा शेरा तेवढा पुसू नकोस.

आणि पुढच्या पत्रात बाबांना नमस्कार लिहू नकोस.

तुझीच म्हणायचा हक्क मी गमावलाय, तरी सवयीने,
तुझी धांदल